पारिस पिश्मिश : एका खगोलशास्त्रज्ञ शिक्षिकेची कहाणी



सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेले एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. धुळीचे तपकिरी-केशरी कडे, त्यातून वर झेपावणारे सुळके आणि त्यांच्या डोक्यावर लखलखणाऱ्या ताऱ्यांचा एक पुंजका. आपल्या समाजात हिऱ्यांची पारख असणारे पुष्कळ आहेत, मला ती नाही. तरीही क्षणभर एखाद्या जवाहिऱ्याने काळ्या मखमलीवर हिरे पसरले आहेत असे वाटले. त्यातील सर्वांत उंच सुळक्याची लांबी ५.४ प्रकाशवर्षे आहे, म्हणजे प्रकाशकिरण पायथ्यापासून निघाला तर टोकाला पोहोचेपर्यंत येथे एखाद्या सरकारची मुदत संपून नव्या निवडणुका व्हाव्यात. चित्राखाली नाव होते ‘पिस्मिस २४’.

हे चित्र मला पाठविले ते माझ्या भाचीने. सोबत ‘मामा, हे बघा’ एवढेच तीन शब्द. ते तिने मलाच का पाठविले, हे मी ओळखले. त्याविषयी पुढे लिहितो.

तारकापुंजाला ‘पिस्मिस’ असे नाव कसे पडले असावे, याचे मला कुतूहल वाटले. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला खात्यावरचे नाव दिसले की खातेदार कोण, हे पाहिल्याखेरीज चैन पडत नाही. शोध घेता कळले की ते एका स्त्रीचे आडनाव आहे आणि मूळ उच्चार ‘पिश्मिश’ असा आहे. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा ‘श’ या ध्वनीसाठी ‘एस’ अक्षराच्या खाली एक लहानशी शेपटी जोडण्यात आली. जगाच्या तारासूचींमध्ये ती शेपटी गळाली आणि पिश्मिशचे ‘पिस्मिस’ झाले. तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थ ‘शिजलेला’ आणि त्यावरून ‘परिपक्व झालेला’ असा आहे. आपण एखाद्या अनुभवी माणसाला ‘मुरलेला’ म्हणतो, त्याच्याच जवळचा.

पारिस पिश्मिश यांचा जन्म १९११ मध्ये इस्तंबूल येथे एका आर्मेनियन कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर उस्मानी साम्राज्याची राजधानी होते. घर सुखवस्तू होते आणि घराण्यातील मंडळी सुलतानाच्या दरबारी मोठ्या पदांवर राहिलेली होती. मात्र ज्या समाजाचे हे घराणे, तो संख्येने लहान. आणि बाई चार वर्षांच्या असताना, १९१५ मध्ये, त्या समाजावर जे अनन्वित संकट कोसळले ते जगाच्या इतिहासात नोंदलेले आहे. साम्राज्य लयाला गेले आणि १९२३ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. एका आयुष्यात देशाचे नाव, राज्यपद्धती आणि लिपी, तिन्ही बदललेले पाहण्याचा योग किती जणांना येतो?

उस्कुदार येथील अमेरिकन कन्याशाळेत त्यांचे शिक्षण झाले. घरची आर्मेनियन, बाहेरची तुर्की, त्यावर फ्रेंच आणि इंग्रजी. पुढे जर्मन आणि स्पॅनिश. शाळा संपल्यावर त्यांनी विद्यापीठात गणित शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आईवडिलांना ते रुचले नाही. मुलीने शाळा शिकावी, भाषा शिकाव्यात, सुसंस्कृत व्हावे, इथपर्यंत त्यांची संमती होती. पण मुलग्यांच्या वर्गात बसून गणित? मुलीने आपला आग्रह सोडला नाही आणि अखेरीस घरच्यांना नमते घ्यावे लागले.

आता भाचीविषयी. बारावीला तिला गणितात आणि भौतिकशास्त्रात उत्तम गुण होते आणि पुण्याला राहून पदार्थविज्ञान घ्यावे, पुढे ताऱ्यांचा अभ्यास करावा, असे तिच्या मनात होते. माझ्या मेहुण्यांनी घरची मंडळी जमविली आणि माझे मत विचारले. घरात एम. कॉम. झालेला, बँकेत अधिकारी असलेला मीच; माझ्या शब्दाला वजन होते. मी म्हणालो की आकाशातले तारे कुठे जात नाहीत, पोटापाण्याचे आधी पाहावे; सी. ए. कर, आपल्या समाजात त्याला मान आहे आणि कामही आहे. तिने ऐकले. ती आज उत्तम सनदी लेखापाल आहे, तिच्याकडे दहा-बारा माणसे काम करतात, आणि तिने मला कधी एका शब्दाने दूषण दिलेले नाही. माझा सल्ला चुकला असे मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्या बैठकीत सगळे बोलत होतो ते आम्ही. तिला कोणी बोलू दिले नव्हते, हे मात्र मला आठवते. इस्तंबूलच्या त्या मुलीचे आईवडील माझ्यापेक्षा एका गोष्टीत सरस ठरले. त्यांनी नापसंती दर्शविली, पण मुलीचे म्हणणे ऐकून घेतले.

पिश्मिश बाईंचे नशीब असे की त्या पदवीपर्यंत पोहोचल्या आणि त्याच सुमारास जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना तेथील विद्यापीठांतून हाकलण्यास सुरुवात झाली. १९३३ मध्येच अतातुर्क यांच्या सरकारने जुने विद्यापीठ बंद करून इस्तंबूल विद्यापीठ नव्याने उभे केले आणि या निर्वासित विद्वानांना मानाने बोलावून घेतले. एका देशाने कचऱ्यात टाकलेली माणसे दुसऱ्याने उचलून देव्हाऱ्यात ठेवली म्हणा ना! गणिती रिचर्ड फॉन मिझेस आले, विल्यम प्रागर आले. आणि एर्विन फिन्ले-फ्रॉइंडलिख आले. हे फ्रॉइंडलिख म्हणजे आइनस्टाइन यांच्या सिद्धांताची आकाशात पडताळणी करण्यासाठी १९१४ मध्ये सूर्यग्रहण पाहायला क्रिमियात गेलेले आणि नेमके त्याच वेळी महायुद्ध सुरू झाल्याने रशियनांच्या कैदेत सापडलेले खगोलशास्त्रज्ञ. इस्तंबूलमध्ये त्यांनी खगोलशास्त्राचा विभाग आणि वेधशाळा उभी केली. पिश्मिश बाई त्यांच्या साहाय्यक झाल्या आणि गणिताकडून त्यांची पावले ताऱ्यांकडे वळली. १९३७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतून ही पदवी मिळविणारी पहिली स्त्री त्याच.

पुढल्या वर्षी त्या अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत गेल्या. १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि मुक्काम वाढला. त्या काळी हार्वर्ड म्हणजे खगोलशास्त्राची काशी. आपली आकाशगंगा केवढी विस्तीर्ण आहे आणि तिच्या मध्यापासून सूर्य किती दूर आहे हे दाखविणारे हार्लो शॅप्ली तेथे संचालक होते, आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे प्रथम दाखवून देणाऱ्या सिसिलिया पेन-गापोश्किनही तेथेच होत्या. तिथेच बाईंची भेट फेलिक्स रेसियास या मेक्सिकन गणित-विद्यार्थ्याशी झाली. १९४१ मध्ये विवाह झाला आणि १९४२ मध्ये हे दांपत्य मेक्सिकोला आले.

येथून खरी गोष्ट सुरू होते.

मेक्सिकोच्या पुएब्ला प्रांतात चोलुला नगरीजवळ तोनांत्सिंत्ला नावाचे एक खेडे आहे. तेथील चर्च प्रसिद्ध आहे. आतल्या भिंती आणि छत स्थानिक कारागिरांनी देवदूत, फळे आणि फुले यांच्या रंगीत नक्षीने असे भरून काढले आहे की बोट ठेवायला जागा नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये, जग युद्धात होरपळत असताना, या खेड्याजवळच्या टेकडीवर राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते एका खगोल-भौतिकी वेधशाळेचे उद्‌घाटन झाले. तिच्यातील मुख्य उपकरण होते श्मिट कॅमेरा, म्हणजे आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच काचेच्या पट्टीवर टिपू शकणारी छायाचित्रण-दुर्बीण. ती उभी करण्यास हार्वर्डचे साहाय्य होते.

वेधशाळा झाली, पण ती चालविणार कोण? संस्थापक लुइस एन्रिके एरो हे राजकारणी आणि मुत्सद्दी. तारे हा त्यांचा छंद. पुढे ज्यांनी जागतिक कीर्ती मिळविली ते गिएर्मो आरो मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. वार्ताहर म्हणून एरो यांच्याकडे मुलाखत घ्यायला गेले आणि तिथलेच झाले. ही माणसे असामान्य होती यात शंका नाही. तथापि खगोलशास्त्राचे रीतसर विद्यापीठीय शिक्षण घेतलेले असे त्या देशात कोणी नव्हते. ते घेऊन आलेल्या पहिल्या व्यक्ती म्हणजे एकतीस वर्षांच्या पारिस पिश्मिश. म्हणूनच मेक्सिकोची पहिली व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते, त्या जन्माने तुर्की आणि रक्ताने आर्मेनियन.

तोनांत्सिंत्लात चार वर्षे काम केल्यानंतर बाई १९४६ ते १९४८ या काळात प्रिन्स्टन आणि शिकागो येथे संशोधन करून आल्या. मोठ्या दुर्बिणी आणि मोठी नावे, दोन्ही तेथे होती. परतल्यावर मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात, ताकुबाया येथील राष्ट्रीय वेधशाळेत रुजू झाल्या आणि तेथे जवळजवळ पन्नास वर्षे राहिल्या. ही वेधशाळा एकोणिसाव्या शतकातली. तिच्याभोवती आता राजधानीचे शहर वाढत चालले होते आणि दिव्यांच्या झगमगाटात आकाश फिकट होत होते. विद्यापीठात खगोलशास्त्राचे वर्ग नव्हते. बाईंनी ते घेण्यास प्रारंभ केला, तोही प्रौढपणी शिकलेल्या स्पॅनिश भाषेत.

माझ्या नोकरीच्या काळात कोणाची प्रशिक्षण केंद्रावर बदली झाली, तर सहकारी अभिनंदनाऐवजी सांत्वनाला येत. शाखा नाही, कर्जवाटप नाही, अधिकार नाहीत. रोज नव्या तुकडीला तेच खतावणीचे धडे. बढतीच्या मुलाखतीत ‘या तीन वर्षांत आपण काय केले?’ असे विचारले, तर सांगण्यासारखा आकडा नसे. मीही अशी तीन वर्षे काढली आणि त्या वेळी मनातून खट्टू होतो. म्हणून पिश्मिश बाईंचे चरित्र वाचताना मी या ठिकाणी बराच वेळ थबकलो. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि शिकागो पाहिलेल्या विदुषीने जेथे ग्रंथ, उपकरणे आणि सहाध्यायी सगळ्यांचीच वानवा होती तेथे जाऊन पहिलीचे वर्ग घ्यावेत, हे तिच्या विज्ञानाचे नुकसान नव्हे काय? असे म्हणणारे तेव्हाही असतील. हिशेब मांडायचाच तर आधी तिच्या स्वतःच्या संशोधनाकडे पाहिले पाहिजे.

तारे एकेकटे जन्मत नाहीत. वायू आणि धुळीच्या एका प्रचंड ढगातून शेकडो तारे जवळपास एकाच वेळी जन्माला येतात आणि काही काळ एकत्र राहतात. यास खुला तारकापुंज म्हणतात. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मोल असे की त्यातील सर्व तारे समवयस्क असतात, एकाच द्रव्याचे बनलेले असतात आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाच परीक्षेतून, एकाच दिवशी रुजू झालेली तुकडी. वीस वर्षांनी त्यातला कोण कुठे पोहोचला हे पाहिले की फरक कशामुळे पडला हे नेमके सांगता येते. ताऱ्यांच्या बाबतीत तो फरक पडतो वस्तुमानामुळे. जड तारा भराभर जळून संपतो, हलका काटकसरीने दीर्घकाळ जगतो.

असे पुंज शोधण्याची त्या काळची रीत मोठी चिकाटीची होती. श्मिट कॅमेऱ्याने टिपलेली काचेची पट्टी प्रकाशासमोर धरायची. ती उलटी असते. आकाश पांढरे आणि तारे काळ्या ठिपक्यांसारखे. भिंगातून ते हजारो ठिपके निरखत जायचे आणि कुठे नेहमीपेक्षा दाट गर्दी दिसते का हे पाहायचे. आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी सगळीकडेच असते, त्यामुळे खरा पुंज कोणता आणि डोळ्याचा भास कोणता, हे ठरविणे सोपे नसते. पिश्मिश बाईंनी या पद्धतीने दक्षिणेकडील आकाशातून सुमारे दोन डझन नवे तारकापुंज शोधून काढले. त्यांतील बहुतेक खुले पुंज आणि थोडे, लक्षावधी म्हाताऱ्या ताऱ्यांचे, गोलाकार पुंज. त्यांची यादी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीही कोणत्या अमेरिकन नियतकालिकात नव्हे, तर तोनांत्सिंत्ला व ताकुबाया वेधशाळांच्या स्वतःच्या स्पॅनिश वार्तापत्रात. त्या वार्तापत्राचे संपादनही पुढे त्यांनी काही वर्षे केले. स्पॅनिश न जाणणाऱ्या जगालाही ती यादी घ्यावी लागली आणि तीत दिलेले क्रमांक आजही तसेच चालू आहेत.

दक्षिणेकडील आकाश का, याचे उत्तर भूगोलात आहे. आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध भाग वृश्चिक आणि धनू राशींच्या बाजूस आहे. इस्तंबूल आणि हार्वर्ड ही दोन्ही ठिकाणे साधारण ४१-४२ अंश उत्तर अक्षांशावर. तेथून वृश्चिकाची शेपटी क्षितिजाला घासून जाते आणि धुरकट हवेत अर्धी विरून जाते. तोनांत्सिंत्ला १९ अंशांवर. तेथून तीच शेपटी चांगली वर येते. आपली मुंबईही १९ अंशांवरच आहे. मेक्सिकोतील त्या टेकडीवरून जे आकाश दिसते, तेच रोज काही तासांच्या अंतराने आपल्या डोक्यावरून जाते.

बाईंच्या संशोधनाचा दुसरा विषय म्हणजे गती. संपूर्ण आकाशगंगा फिरत आहे. पण तिच्यातील सर्व तारे एकाच वेगाने फिरत नाहीत. तरुण ताऱ्यांची चाल वेगळी, वृद्धांची वेगळी. चक्राकार दीर्घिकांना त्या सर्पिल भुजा कशा प्राप्त होतात, हा प्रश्न त्यांच्या मनात दीर्घकाळ घोळत होता आणि त्यावर त्यांनी स्वतःचे विचारही मांडले. याचा अभ्यास करायचा तर तेजोमेघातील वायू कोणत्या ठिकाणी किती वेगाने आपल्याकडे येतो वा दूर जातो हे मोजावे लागते. फलाटावरून सुसाट निघून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर जसा उतरतो, तसाच दूर जाणाऱ्या वायूचा प्रकाश किंचित तांबड्याकडे झुकतो. हा किंचितपणा मोजण्यासाठी फाब्री-पेरो नावाचे उपकरण वापरतात. त्यात दोन अर्धपारदर्शक काचा अगदी समांतर ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होऊन कड्यांची नक्षी तयार होते. त्या कड्यांच्या वाकडेपणावरून वेग कळतो. मेक्सिकोत ही पद्धत १९७२ मध्ये आणली ती पिश्मिश बाईंनी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. ज्या वयात आम्ही निवृत्तीच्या रकमेचे व्याज मोजत बसतो, त्या वयात! त्यांच्या नावावर शंभराहून अधिक शोधनिबंध आहेत.

आता छायाचित्रातील त्या पुंजाकडे येऊ. पिस्मिस २४ वृश्चिक राशीत, आपल्यापासून सुमारे ५,५०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या मध्याशी असलेला सर्वांत तेजस्वी तारा एके काळी खगोलशास्त्रज्ञांना कोडे होऊन बसला होता. त्याच्या तेजावरून त्याचे वस्तुमान काढले, तर ते दोनशे सूर्यांहून अधिक भरे. आणि तारा एवढा जड असूच शकत नाही, दीडशे सूर्यांच्या आसपास मर्यादा असावी, असे बहुतेक जाणकारांचे मत. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने नीट पाहिले, तेव्हा एका ठिपक्यात दोन तारे दिसले. त्यांतील एक स्वतःच पुन्हा जोडतारा असल्याचेही दिसून आले. वेबच्या चित्रासोबत त्या दोन मुख्य ताऱ्यांची वस्तुमाने सुमारे ७४ आणि ६६ सूर्यांएवढी दिली होती. याच ताऱ्यांच्या प्रखर प्रारणाने खालचे ते धुळीचे कडे कोरले जात आहेत, आणि त्या कड्यांमध्ये दाबल्या जाणाऱ्या वायूत नवे तारे जन्म घेत आहेत.

आपल्या आगमग्रंथांशी परिचय असलेल्या वाचकांना येथे सूर्यप्रज्ञप्ती आठवेल. जंबुद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र मानून तेथे काळाचे आणि नक्षत्रांचे बारीक गणित मांडलेले आहे. या दोन्ही गोष्टींची सांगड घालून ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. मला तो अनाठायी वाटतो. त्या ग्रंथकर्त्यांचा मोठेपणा त्यांनी आकाशाचे रोजचे चलन गणितात बांधण्याचा जो प्रयत्न केला त्यात आहे. तो सिद्ध करण्यासाठी हबलच्या दाखल्याची गरज नाही.

संशोधनाचा हिशेब हा असा झाला. शिकवण्याचा हिशेब मांडायला मात्र माझी खतावणी अपुरी पडते. बाईंच्या विद्यार्थ्यांपैकी आर्कादिओ पोवेदा हे बर्कलीला जाऊन खगोलशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आले आणि पुढे विद्यापीठाच्या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक झाले. शहराच्या दिव्यांपासून दूर, बाहा कॅलिफोर्नियातील सान पेद्रो मार्तिर पर्वतावर नवी राष्ट्रीय वेधशाळा उभी राहिली ती त्यांच्या कारकिर्दीत. १९७९ मध्ये तेथे २.१ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. दुसरी विद्यार्थिनी देबोरा दुल्त्सिन, दूरच्या दीर्घिकांच्या धगधगत्या केंद्रांचा अभ्यास करणारी. तिसरे आल्फोन्सो सेर्रानो. पुएब्ला प्रांतातच, सिएर्रा नेग्रा या सुमारे ४,६०० मीटर उंचीच्या पर्वतमाथ्यावर ५० मीटर व्यासाची एक महाकाय मिलिमीटर-तरंग दुर्बीण आहे. ती व्हावी म्हणून सेर्रानो यांनी आयुष्य वेचले आणि आज तिला त्यांचेच नाव आहे.

सिल्विया तोर्रेस १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होत्या, तेव्हा त्या देशात मुलीने खगोलशास्त्रज्ञ होणे ही न ऐकलेली गोष्ट उरली नव्हती. तशी एक बाई रोज ताकुबायात कामावर येत होती. तोर्रेस यांनी १९६९ मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट मिळविली. खगोलशास्त्रात ती मिळविणारी पहिली मेक्सिकन स्त्री त्या. तेजोमेघांत हेलियम, ऑक्सिजन इत्यादी मूलद्रव्ये कोणत्या प्रमाणात आहेत, यावरील त्यांचे काम मान्यता पावले आणि २०१५ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर येणाऱ्या जगातील केवळ दुसऱ्या स्त्री! तोनांत्सिंत्लाच्या उद्‌घाटनापासून या घटनेपर्यंत त्र्याहत्तर वर्षे झाली होती.

आपल्याकडे आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. पहिल्या तिहींचे फळ देणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येते. भुकेला जेवतो, रोगी बरा होतो, भयभीताच्या चेहऱ्यावर तजेला येतो. ज्ञानदानाचे तसे नाही. सेर्रानोंची दुर्बीण पूर्ण झाली, तोर्रेस अध्यक्ष झाल्या, तेव्हा पिश्मिश बाई हयात नव्हत्या. माझ्या प्रशिक्षण केंद्रातील तीन वर्षांत माझ्यासमोर किती तरुण बसून गेले, याची मीही कधी मोजदाद केली नाही. मध्यंतरी एका शाखेत पासबुक भरून घ्यायला गेलो असता एक वरिष्ठ अधिकारी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि ‘सर, ताळेबंद वाचायला मी तुमच्याकडे शिकलो’ म्हणाले. मला त्यांचे नावही आठवेना.

घरातही बाईंचा वारसा चालला. कन्या एल्सा खगोलशास्त्रज्ञ झाल्या, पुत्र सेविन गणिती. बीजगणितीय भूमितीतील एक रचना आजही ‘रेसियास’ या नावाने ओळखली जाते. विद्यापीठाने बाईंना अध्यापनाचा पुरस्कार दिला आणि सन्माननीय डॉक्टरेटही दिली. १९९८ मध्ये त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच्या नावात त्यांनी स्वतःसाठी योजलेले शब्द साधे आहेत : ‘एक स्त्री खगोलशास्त्रज्ञ’. १ ऑगस्ट १९९९ रोजी मेक्सिको शहरात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

हे सर्व वाचून झाल्यावर मी भाचीला दूरध्वनी केला. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग मी त्या बारावीच्या बैठकीचा विषय काढला. ती हसली आणि म्हणाली, “मामा, ते जाऊ द्या. तो पुंज आपल्या गच्चीवरून दिसेल का, एवढे सांगा.” मला ते ठाऊक नव्हते. नकाशे पाहून मी तिला दोन दिवसांनी सांगितले, तेच वाचकांसाठी येथे लिहितो.

मे महिन्यात, पावसाचे ढग येण्यापूर्वी, रात्री अकरानंतर आग्नेयेकडे पाहावे. विंचवाचा आकडा आकाशात सहज ओळखू येतो. छातीशी तांबूस ज्येष्ठा, तेथून खाली वळत जाणारी शेपटी आणि टोकाशी नांगीचे दोन जवळजवळचे तारे, म्हणजे आपले मूळ नक्षत्र. त्या नांगीपासून किंचित वर आणि उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढ्या अंतरावर, पिस्मिस २४ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तेथे आकाशगंगेचा दुधट पट्टा तेवढा दिसेल, तोही शहराबाहेर. साध्या द्विनेत्रीने पट्ट्यातील ताऱ्यांची गर्दी दिसते. ज्यांना रात्री जागणे जमत नाही, त्यांनी ऑक्टोबरच्या प्रारंभी पाऊस सरल्यावर अंधार पडताच नैर्ऋत्येकडे पाहावे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आपल्या घरांत त्या वेळी गच्चीवर जायला कोणालाही सवड असते. भाची तिच्या मुलीला घेऊन येणार आहे. द्विनेत्री मी आणून ठेवली आहे.